वरच्या खाचरातलं भात

भात पिवळं पडायला लागलं की माझी नजर लोकांच्या पायांकडे जाते. कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये समोर कुणी चपला काढून पाय वर घेऊन बसलं असेल, तर मी खुशाल त्याचे तळवे बघत बसते. टाचेला भेग आहे का, अंगठ्याच्या मुळाशी कातडी जाड झालीय का, मध्येच कुठे काळा ठिपका दिसतो का. परवा एक बाई चिडलीच. "काय बगता ओ सारखं?" म्हणाली. आता तिला काय सांगणार? "जोडवी छान आहेत तुमची," असं काहीतरी मी बोलून गेले. तिने पाय साडीत ओढून घेतले आणि कशेळं येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मी बाहेर बघत राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात होतं, कुठे उभं, कुठे आडवं झालेलं, कुठे कापून पसरलेलं. मध्येमध्ये फार्महाऊसच्या पाट्या आणि रंगवलेली फाटकं. या दिवसांत सकाळी माथेरानच्या डोंगरावर धुकं असतं आणि दुपारी ऊन असं लागतं की डोक्यावरचा पदर तापतो. शहरातले लोक 'ऑक्टोबर हीट' म्हणून नाकं मुरडतात. मला मात्र वर्षातले हेच दिवस हवेसे वाटतात. कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस, जरा धुळकट वास जीपमध्ये शिरला की कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडावं आणि ते माणूस आता नाही हे तेवढ्यात आठवावं, तसं होतं.

सोळा वर्षं मी एका कुष्ठाश्रमात ड्रेसिंगचं काम केलं. कशेळ्याहून आत, ओढा ओलांडला की एक टेकाड लागतं. त्यावर दहा-बारा कौलारू खोल्या, दवाखान्याची एक खोली, चपलांचं वर्कशॉप, इवलंसं चॅपेल आणि खाली उतरत गेलेली भाताची खाचरं. फाटकावरच्या पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, ते कधी कुणी वाचलं नाही. आसपासच्या गावांत त्या जागेला नुसतं 'शिष्टरचं' म्हणत. "कुठं निघालीस गं?" "शिष्टरचं हाय ना, तिकडं." एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळायचं, आणि विचारणारा दोन पावलं मागे सरायचा.

ती शिष्टर म्हणजे सिस्टर मार्था. इटलीच्या उत्तरेला भातशेतीचा मुलूख आहे, तिथली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायची. सव्वीसाव्या वर्षी मार्था नन होऊन इकडे आली आणि पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं महारोग्यांचे पाय धुण्यात गेली. मराठी तिला पुस्तकातून कुणी शिकवलं नव्हतं. पेशंट बोलायचे तेच ती बोलायची. त्यामुळे ही उंच, गोरी, निळ्या डोळ्यांची बाई तोंड उघडायची ती थेट माझ्या माहेरच्या, खालापूरकडच्या शेतकरणीसारखी. पहिल्या दिवशी मी मोठ्या अदबीने म्हटलं, "सिस्टर, मी आपल्याला भेटायला आले आहे." तर ती म्हणाली, "बस गं. चाय पिनार का? आनि नखं काप आधी, हितं लांब नखं चालत नाय."

मी काही सेवाभावाने वगैरे तिथे गेले नव्हते. नर्सिंगचा छोटासा कोर्स केला होता, नवऱ्याची नोकरी सुटली होती, आणि तिथे कुणी टिकत नाही म्हणून जागा रिकामी होती. सासूबाईंनी पहिलं वर्षभर माझा कप वेगळा ठेवला. घरात शिरायच्या आधी मागच्या दारी अंघोळ. मी फटकळ आहे, पण या बाबतीत गप्प राहिले, कारण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही भीती वाटायची. पुढे सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा त्यांनीच हळूच विचारलं, "तुमच्या त्या वर्कशॉपात मऊ रबराच्या चपला करतात म्हणे, मला एक जोड मिळेल का?" मी आणून दिली. कपाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

या रोगाचं एक लोकांना कळत नाही. औषधाने माणूस पुरता बरा होतो, त्याच्यापासून कुणाला काही होत नाही. पण मेलेली नस परत जिवंत होत नाही. हातापायांना जाणीव उरत नाही. काटा रुतला तरी कळत नाही, खडा चपलेत दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही. दुखणं गेलं म्हणजे सुख आलं असं आपल्याला वाटतं. मला तिथे उलटंच दिसलं. दुखलं असतं तर पाय वाचले असते. आणि भातकापणी म्हणजे तर पायांचा काळ. कापलेल्या भाताची धसकटं सुरीसारखी उभी असतात.

म्हणून सिस्टरने एक पद्धत पाडली होती. कापणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाचला सगळे ओसरीवर घमेल्यांत पाय बुडवून बसायचे. पाय भिजवायचे, दगडाने घासायचे, तेल लावायचं, आणि मग पाय आपल्या जोडीदाराच्या मांडीवर द्यायचा. प्रत्येकाला एक जोडीदार नेमलेला. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, तो दुसऱ्याने बघायचा. याला तिथे 'पाय बघनं' म्हणत. एकवीस माणसं, समोर माथेरानच्या मागे बुडणारा सूर्य, तेलाचा वास, आणि एकमेकांना चाललेल्या शिव्या. "कालबी सांगतलं व्हतं, चप्पल काडू नको म्हनून. हा बग काटा." "काटा नाय रं, माती हाय ती." "माती तुझ्या डोल्यात हाय." मी त्या वेळी पट्ट्या आणि चिमटा घेऊन रांगेतून फिरत असे. संसारात मला इतका निवांतपणा कधी मिळाला नाही, जितका त्या अर्ध्या तासात मिळायचा.

सिस्टरही त्या रांगेत बसायची. तिच्या पायांना सगळं कळत होतं, तरी बसायची. तिची जोडीदार जनाबाई. जनाबाई सत्तरीची, हातांची बोटं झिजून आखूड झालेली, पण नजर अशी की वीस पावलांवरून सुई दिसावी. ती सिस्टरचे लांबलचक गोरे पाय मांडीवर घेऊन तळहाताने चाचपायची आणि सगळ्यांदेखत तिला झापायची. "तेल लाव म्हनलं तर ऐकत नाय ही. बग कशी टाच फुटली. देवाची बाई म्हनवते आनि पाय बग कसे." सिस्टर मान खाली घालून हसायची. ईस्टरच्या आधी एका गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. आमच्याकडे महिन्यातून एकदा येणारे फादर त्या दिवशी मोठ्या गंभीरपणे तांब्या-परात घेऊन बसले, की सिस्टर माझ्या कानात पुटपुटायची, "आमचा गुरुवार रोजच हाय."

मला ज्या हंगामाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी पीक फार छान आलं होतं. नवान्न पौर्णिमेला सगळ्या दारांवर भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि झेंडू बांधून झाला होता. चॅपेलच्या दारावर सिस्टरने स्वतः शिडीवर चढून बांधला, आणि वरून उतरताना तिला दम लागला. त्याआधी ती न्हाणीघरात दोनदा पडली होती. हृदय कमजोर झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आम्हाला माहीत होतं, तसंच ते मुंबईला, तिच्या संघाच्या मुख्य मदरनाही कळलं होतं.

त्या आल्या. वसईकडच्या, मराठी छान बोलायच्या, मनाने चांगल्या बाई. मी चहा घेऊन गेले तेव्हा ऑफिसात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मदर सांगत होत्या, "मार्था, तुझ्या देशात आपल्या म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर आहे. डॉक्टर आहेत, तुझी भाचरं जवळ आहेत. खूप केलंस. आता जा."

सिस्टर म्हणाली, "हितं मेले तर काय व्हतंय?"

"मरायला नाही पाठवत तुला. जगायला पाठवतेय."

सिस्टरने कप खाली ठेवला. मग विचारलं, "आज्ञा हाय?"

"हो. आज्ञा आहे."

नन होताना या बायका तीन शपथा घेतात, त्यांतली एक आज्ञा पाळण्याची. वरून सांगितलं की जायचं. आम्ही बदलीला वशिला लावतो, रजा टाकतो, आजारी पडतो. तिला त्यातलं काहीच करता येणार नव्हतं. तिने फक्त एक मागितलं, "भात घरात येऊ दे. मग जाते." मदर लगेच हो म्हणाल्या. भात घरात आलं की फोन कर, म्हणजे तिकीट काढते, एवढं सांगून त्या गेल्या. मी रिकामे कप उचलले आणि दहा मिनिटांत ही बातमी सगळ्या खोल्यांत पोचवली. माझ्या पोटात काही राहत नाही.

त्या संध्याकाळी पाय बघताना कुणी कुणाला शिवी दिली नाही. जनाबाईने सिस्टरचे पाय मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ नुसतेच धरून ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिकडं हिचे पाय कोन बघंल गं?" मी म्हटलं, "अगं जनाबाई, त्यांच्या पायांना कळतं सगळं. त्यांना बघायला कुणी नको." जनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

शेताचं सगळं बाळारामच्या हातात होतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडलेली, पण वर्कशॉपात त्याने विळ्याच्या मुठीला रबर गुंडाळून मनगटाला बांधायचा पट्टा करून घेतला होता, आणि त्या पट्ट्याच्या विळ्याने तो धडधाकट माणसाच्या पुढे जायचा. विसाव्या वर्षी त्याला त्याचा थोरला भाऊ इथे सोडून गेला होता. जाताना सांगून गेला, "भात कापून झालं की न्यायला येतो." त्याला चाळीसएक वर्षं झाली. बाळाराम हे कधी तक्रार म्हणून सांगत नसे. त्या दिवशी मात्र तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सुनंदाताई, 'भात कापून झालं की' या बोलीवर माजा इस्वास नाय. एकदा फसलो."

आणि त्या वर्षी कापणी चालेना. एरवी लोकांच्या मागे लागणारा बाळाराम बांधावर बसून विड्या ओढायला लागला. आज दव जास्त हाय. आज विळ्याला धार नाय. आज अमावस्या. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापून झालं, मधलं झालं, तरी कसंबसं रेटत कार्तिकातली एकादशी आली. शेवटी राहिलं वरचं खाचर. त्यात गरवं भात होतं, सगळ्यात उशिरा पिकणारं. ते पिकलं, पिवळं झालं, तांबूस झालं, आणि तसंच उभं राहिलं. विचारलं की बाळाराम सांगायचा, "खाली पानी हाय अजून. ओलं भात कापून कुजवायचं का?" मी एकदा जाऊन पाहिलं. खरंच घोटाभर पाणी होतं. पाऊस जाऊन महिना उलटला आणि बाकी सगळी खाचरं भेगाळली असताना वरच्याच खाचरात पाणी कुठून आलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं, पण मी विचारलं नाही.

मदर दर शनिवारी फोन करायच्या. फोन माझ्या टेबलावर. "सुनंदा, झालं का भात?" मी म्हणायचे, "कापणी चालू आहे, मदर." पुढच्या शनिवारी पुन्हा. "अजून चालूच?" "वरचं ओलं आहे हो." एकही शब्द खोटा नव्हता. तरी फोन ठेवल्यावर मी पदराने तळहात पुसत असे. आम्ही एकत्र बसून काही ठरवलं नव्हतं. कुणी तसं तोंडाने बोललंही नाही. ज्याला त्याला आपापलं समजलं होतं, आणि एक खाचर भात उभं आहे तोवर सिस्टर आमची आहे, अशा वेड्या हिशोबाने एकवीस माणसं आणि मी दिवस ढकलत होतो.

ते दिवस मला अजून पुरते आठवतात. सकाळी नऊपर्यंत गवतावर दव असायचं. वरच्या खाचरावर पोपटांचे थवे उतरायचे, मुनियांचे ढग उठायचे, आणि त्यांना कुणी हाकलायचं नाही. ज्या जनाबाईने उभ्या आयुष्यात खळ्यात पडलेली एक लोंबी सोडली नाही, जिने एका काळी कर्जत स्टेशनाबाहेर भातासाठी हात पसरला होता, ती ओसरीवरून बघत म्हणायची, "खाऊ दे पाखरांना." भात झडत होतं. वारा आला की दाणे पाण्यात पडल्याचा बारीक आवाज यायचा. सिस्टर रोज संध्याकाळी जपमाळ ओढत बांधावरून फेरी मारायची आणि वरच्या खाचरापाशी थांबायची. एक लोंबी तोडायची, एक दाणा दाताखाली फोडायची, आणि परत यायची. भातवालीची पोर ती. पण तिचे गुडघे गेलेत, नजरही गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग बाळाराम पाय बघायला येईनासा झाला. एक दिवस डोकं दुखतंय म्हणाला, दुसऱ्या दिवशी गुरांकडे गेला, तिसऱ्या दिवशी त्याचा जोडीदार माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तो पाय दाकवत नाय." मी त्याच्या खोलीत गेले. पाय गोधडीखाली होता. मी गोधडी ओढली. वास आधी आला. पाय घोट्यापर्यंत सुजून चकचकीत झाला होता, अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढं भोक, आणि त्यात चिमटा घातला तर भाताच्या धसकटाचा बोटभर तुकडा बाहेर आला. किती दिवस तो त्याच्यावर चालत होता देव जाणे.

"चप्पल कुठे होती तुझी?"

मी ओरडले तेव्हा त्याने सांगितलं. रोज पहाटे उठून तो ओढ्याचा पाट फोडत होता आणि वरच्या खाचरात पाणी सोडत होता. चपला चिखलात रुततात म्हणून काढून. "ओलं हाय म्हनायला ओलं तर पायजे ना, ताई," म्हणाला. वर त्याला ताप होता आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच बसून रडले. चूक कुणाची, हे मला चांगलं ठाऊक होतं. ओलं आहे हो, ओलं आहे हो, म्हणून फोनवर सांगणारी मीच होते.

सिस्टर आली. तिने जखम पाहिली, आत बोट घालून हाडापर्यंत गेलीय का ते बघितलं, जखम धुतली, पट्टी बांधली. पाट, पाणी, खाचर, कशाबद्दल एक शब्द विचारला नाही. "सा आटवडे जमिनीला पाय लावायचा नाय," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मी त्याआधी कधी इतका म्हातारा पाहिला नव्हता.

परवा मी जीपने गेले होते ती तिकडेच. आता तिथे सात जण उरलेत. जनाबाई गेली. वर्कशॉप बंद आहे, चपला मुंबईहून येतात. बाळाराम आहे, ओसरीवर खुर्चीत बसलेला, डोक्याचा पार कापूस झालाय. त्याचा पाय वाचला, दोन बोटं गेली. भात भाड्याच्या मशीनने कापलं होतं आणि शेत असं दिसत होतं की कुणाची हजामत घाईने उरकावी. "दीड तासात सगलं साफ," तो म्हणाला. "आता कुनाला थांबवायचं म्हनलं तरी येल नाय मिलत." सिस्टर इटलीला गेली आणि तीन वर्षांनी तिकडेच वारली. मदरचा फोन आला होता, झोपेत गेली म्हणाल्या. मी बाळारामला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं होतं, "तिच्या खिडकीतून भात दिसत व्हतं का?" मदरना ते मी कधी विचारलं नाही, आणि आता मदरही नाहीत. मला अजून टोचतं ते. मी तिला दोन पत्रं लिहिली, तिची चार आली, आमच्याच बोलीतली पण रोमन अक्षरांत लिहिलेली, प्रत्येकात एकवीस जणांच्या पायांची नावानिशी चौकशी. तिथल्या खिडकीतून काय दिसतं, हे तिनेही कधी लिहिलं नाही.

मला ती हवी आहे, एवढंच खरं आहे. इतक्या वर्षांनी, बाकी सगळं ठीक असताना, भात पिवळं झालं की मला ती ओसरी हवी असते, ती पाचची वेळ हवी असते, आणि कुणीतरी "नखं काप आधी" म्हणून दटावायला हवं असतं. त्या उभ्या खाचराची मला लाज वाटते आणि तरीही ते अजून थोडे दिवस उभं राहायला हवं होतं असं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू?

बाळारामचा पाय सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीने पोचले, तर दवाखाना बंद. ओसरीवर कुणी नाही. सगळे वरच्या बांधावर ओळीने उभे होते. पाट बुजवलेला होता. खाचरात सिस्टर मार्था बसली होती. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला बसायचा पाट तिने चिखलात टाकला होता. पाटावर बसून हाताला येईल तेवढं कापायची, कापलेलं बांधावर ठेवायची, पाट पुढे सरकवायची, पुन्हा बसायची. पांढऱ्या झग्याची कड चिखलाने काळी झाली होती. श्वासाचा आवाज बांधापर्यंत येत होता.

बाळारामला दोघांनी खुर्चीवर उचलून आणलं होतं. तो म्हणत होता, "शिष्टर, ठेवा तो इळा. पाया पडतो तुमच्या."

"तुमी कापत नाय, तर मी कापते," ती मान वर न करता म्हणाली.

कुणी हललं नाही. ती आणखी एकदा पाट सरकवायला गेली आणि तोल जाऊन एका हातावर टेकली. तेव्हा जनाबाई बांधावरून खाली उतरली. बाळारामसारखा विळ्याचा पट्टा मनगटाला बांधायला तिने माझ्यापुढे हात केला, मी तो आवळला. "कर तुझ्या मनासारखं, म्हातारे," असं काहीतरी पुटपुटत, डोळे गळत असताना ती सिस्टरच्या शेजारी कापायला लागली. मग एकेक करून सगळे उतरले. चपला घालून उतरले. मीही उतरले. दुपारी बारापर्यंत खाचर मोकळं झालं. निम्मं भात चिखलात गेलं होतं. हाताला लागतील त्या लोंब्या सिस्टरने सगळ्यांकडून वेचून घेतल्या, कापलेलं सगळं ओसरीवर आणवलं, त्याशिवाय कुणाला जेवायला सोडलं नाही.

जेवण झाल्यावर ती ऑफिसात आली. नंबर मी फिरवला. पलीकडे मदर आल्या.

"मदर, भात घरात आलं," ती म्हणाली.

मदरनी काहीतरी विचारलं. यंदा इतका उशीर कसा, असंच असणार. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. माझी नजर टेबलावर. आता माझं, बाळारामचं, सगळ्यांचं नाव निघणार, आणि निघालं तर ते रास्तच होतं.

"चूक माझी हाय," सिस्टर म्हणाली. "पंदरा दिवसांपूर्वीच पिकलं व्हतं. मी रोज बगत व्हते. मला ठावं व्हतं. मीच कापा म्हनले नाय." आणि मग, "मला जायचं नव्हतं, मदर." मदर पलीकडे बराच वेळ बोलत असाव्यात. सिस्टर ऐकत होती. शेवटी म्हणाली, "होय. बुधवारी तयार असते."

फोन ठेवून ती उठली. मी डोळे पुसत होते. "रडतेस काय गं?" म्हणाली. "पानी कोमट कर. बाळारामचा पाय धुवायचा हाय."

बुधवारपर्यंत त्याची चार ड्रेसिंगं व्हायची होती. चारही तिने केली. मला हात लावू दिला नाही.